उघाडीवाला

मंगळवारी सकाळी डाक आली आणि नलू सिस्टरनं दयाराम पाटलाच्या खाटेपाशी उभं राहून, एका हातातला थर्मामीटर झटकता झटकता, दुसऱ्या हातातला निळसर कागद वाचला. "दयारामबाबा, तुमच्या लघवीत जंतू निघालेत हो." एवढंच म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली. तिला काय, रोजचे दहा कागद. पण दयाराम जिथल्या तिथं राहिला. हातातला चहाचा पेला अर्ध्यावर थांबला, तो तसाच थांबला. जंतू? माझ्यात? साठ-बासष्ट वर्षं ज्याच्या पायाला खारं पाणी लागलंय, ज्याच्या अंगावरच्या जखमा सुद्धा मुरलेल्या कैरीसारख्या, कधी सडल्या म्हणून नाहीत, त्याच्यात? त्यानं वाकून खाटेखाली पाहिलं. खाटेखाली काचेची मोठी बाटली होती, बाटलीत रबरी नळी सोडलेली होती, आणि नळीचं दुसरं टोक त्याच्या धोतराआड, जिथं असायचं तिथं, गेला दीड महिना होतं. बाटलीतलं पाणी पिवळं, स्वच्छ, खिडकीतल्या उन्हात उजळलेलं. काही वळवळत नव्हतं. किडा नाही, मुंगी नाही. आता बोला! कागदावर मुंबईच्या कुणा माणसानं लिहायचं आणि आपण मान डोलवायची. पण मान डोलवल्यावाचून सुटका नव्हती, कारण त्या कागदावर सगळं अडलं होतं. या खाडीकाठच्या लहानशा दवाखान्यात पोट उघडून लघवीची वाट अडवणारी गाठ काढणारा डॉक्टर राहत नसे. तो मुंबईहून दर गुरुवारी लाँचनं यायचा, आणि परवाचा गुरुवार शेवटचा. मे सरत आला होता. समुद्र खवळला की लाँच बंद, ती नारळी पुनवेनंतरच पुन्हा सुरू. परवा ज्याची गाठ निघेल तो सुटला. ज्याची राहील त्यानं तीन महिने नळी आणि बाटली घेऊन हिंडायचं.

शेजारच्या खाटेवरून येसाजी म्हणाला, "पाटील, चहा निवतोय." दयारामनं चहा खाली ठेवला. त्याला एकदम ती चैत्रातली सकाळ आठवली, ज्या सकाळी पाणी अडलं. मिठागरात उभा होता तो. वाफ्यातलं पाणी तांबूस झालेलं, म्हणजे मीठ धरायला आलेलं. अशा पाण्याकडे बघत उभं राहिलं की माणूस जरा लांब जातो, मग तो कितीही जुना मिठागरवाला असो. आणि बांधाआड बसला तर काही होईना. कळ येते, पोट फुगतं, पाणी नाही. दुपारपर्यंत बेंबीखाली कलिंगड ठेवल्यासारखं झालं. सोनूबाई, त्याची बायको, ओवा घेऊन आली, गरम पाण्याचं फडकं घेऊन आली, शेवटी गावदेवीला नारळ बोलून बैलगाडी घेऊन आली. दवाखान्यात या नलू सिस्टरनं दार लोटलं, डॉक्टरनं नळी घातली, आणि मग जे झालं ते दयाराम कुणाला सांगू शकला नसता. सांगायची सोय नाही, लाज वाटते. पण तो रडला. सुखानं रडला. आतलं सगळं पाणी वाहत चाललं होतं आणि त्याला वाटलं होतं, उघाडी उघडली रे बाबा, उघाडी उघडली.

उघाडी म्हणजे काय हे खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. खाजणाच्या, म्हणजे किनाऱ्याच्या सखल जमिनीच्या, समुद्राकडच्या बांधात एक लाकडी दार असतं. भरतीला ते उचललं की खारं पाणी मिठागरात येतं, वेळेवर खाली टाकलं की आत राहतं. नको असलेलं पाणी बाहेर घालवायचं तर ओहोटी लागल्यावर उचलायचं. अर्धा तास इकडे-तिकडे झाला की मीठ गेलं, शेत गेलं. दयारामच्या घराण्यात तीन पिढ्या उघाडी होती. त्याला घड्याळ लागत नसे. चंद्र न बघता, खाडी न बघता, चार भिंतींत बसून तो सांगायचा, आता भरली, आता उतरायला लागली. मुलगी कमळ नांदायला उरणच्या पलीकडे गेली तर तिच्या घरी जेवताना मध्येच हात थांबवून म्हणायचा, ओहोटी लागली. जावई हसायचा. हसो बापडा. उघाडीवाल्याच्या अंगातच समुद्र असतो, त्याला इलाज नाही.

तर अशा माणसाला नळी घालून खाटेवर निजवला. नळी रबरी, तिच्या मध्यावर काचेचा एक लहान सांधा, सांध्यापुढे दुसरी नळी, ती बाटलीत. पाणी आपलं दिवसभर थेंब थेंब पडतंय. दयारामला ते बघवेना. सदा उघडी राहिलेली उघाडी ही काय उघाडी झाली? आणि नळीत कोपऱ्यात पाणी साचून राहतं, ते कुजणार नाही? पहिल्या आठवड्यातच एका सकाळी खाडी उतरायला लागली तशी त्याचा हात आपोआप खाली गेला आणि त्यानं काचेचा सांधा अलगद उघडला. साचलेलं पाणी सोडलं. मग उशाशी ठेवलेल्या सोनूबाईच्या बाटलीतलं खारं पाणी पितळी पेल्यात ओतून दोन्ही नळ्यांची तोंडं त्यात बुडवून खळखळून घेतली आणि सांधा पुन्हा बसवला. ते पाणी साधं नव्हे. मिठागरातल्या शेवटच्या वाफ्यातलं, मीठ धरायच्या बेतातलं, जिभेला लागलं तर जीभ मागे ओढावी असं. सोनूबाई ते खास आणायची. मिठानं लोणचं टिकतं, मासळी टिकते, मग माणूस का टिकू नये? कुणी बघितलं नाही. त्याला इतकं बरं वाटलं, इतकं घरच्यासारखं वाटलं, की त्या दिवसापासून दर ओहोटीला उघाडी उघडू लागली. रात्रीची ओहोटी सुद्धा त्यानं सोडली नाही. झोपेत हात जायचा.

पुढं शेजारच्या खाटेवर येसाजी आला. तळे गावाकडचा, भातशेतीवाला, तरुणपणी गिरणीत वीस वर्षं काढून परत गावी गेलेला. बोलका, मिश्कील, पण नळी घातली तसा मुका झाला होता. "घरी राही हाय," तो पहिल्या दिवशी म्हणाला, "बायको. तिच्यासमोर ही बाटली घिऊन कसा जाऊ? गोठ्यातली जनावरं बी हसतील." दयाराम म्हणाला, "जनावरं न्हाय हसत. मानसं हसतात." आणि मग शिष्याला मंत्र द्यावा तसं त्यानं येसाजीला उघाडीचं सगळं सांगितलं. येसाजीचे हात कापायचे, म्हणून दयारामच खाटेच्या कडेला बसून त्याचा सांधा उघडायचा, त्याच पेल्यात, त्याच खाऱ्या पाण्यात. आधी आपलं, मग त्याचं. "पाटील, ओहोटी लागली काय?" येसाजी विचारायचा. "लागली," दयाराम म्हणायचा. "मग चला, आमच्या खाजणातलं पाणी काढा." दोघं पोरांसारखे हसायचे. नलू सिस्टर विचारायची, काय चाललंय म्हाताऱ्यांचं? काही नाही बाय, समुद्राच्या गोष्टी.

हे सगळं त्या मंगळवारी सकाळी दयारामच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि तरीही त्याला कळलं नव्हतं. कळलं ते दुपारी, डॉक्टर आला तेव्हा. हा इथलाच डॉक्टर, तरुण, सौम्य, खाटेवर टेकून बोलणारा. "बाबा, तुमचं या गुरुवारी नाही करता येणार," तो म्हणाला. "जंतू आहेत. ते पिशवीत गपचूप राहतात. ताप नाही, दुखणं नाही, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण चाकू लागला की वाट मोकळी होते, मग रक्तात जातात. एकदा रक्तात गेले की आमच्या हातात फारसं काही राहत नाही. तुम्ही त्या धर्माजीला पाहिलंत ना?" धर्माजी म्हणजे दाराजवळच्या खाटेवरचा. तीन आठवड्यांपूर्वी त्याची गाठ काढली. तिसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात त्याला अशी थंडी भरली की चार घोंगड्या घालूनही लोखंडी खाट वाजत होती. संध्याकाळी खाट वाजायची थांबली. "पण जंतू आले कुठून?" दयारामनं विचारलं. डॉक्टरनं हात उघडे करून दाखवले. "बाहेरून. हातावरून, भांड्यावरून. नळी असली की त्यांना वाट सापडतेच कधी ना कधी. म्हणून तर आम्ही तो सांधा उघडत नाही." "आन मिठाचं पानी? त्यान मरत न्हाय ते?" डॉक्टर हसला. "सगळे नाही मरत, बाबा. तुमच्या मिठागरातलं पाणी तांबडं होतं ना, तेही म्हणे जिवंत असतं. डोळ्यांना दिसत नाही असलं काहीतरी राहतं त्यात. येसाजीचं मात्र बरं आहे, त्याचं स्वच्छ आलंय. गुरुवारी पहिला नंबर त्याचा."

डॉक्टर गेला. पंखा नव्हता, खिडकीतून खाडीचा वास येत होता, चिखलाचा आणि उन्हाचा. दयाराम आडवा झाला आणि वरच्या कौलांकडे बघत राहिला. कौलातल्या एका काचेतून ऊन पडलं होतं, त्या उन्हात धूळ तरंगत होती, सावकाश, कुठं जायची घाई नसल्यासारखी. येसाजीचं स्वच्छ आलंय. येसाजीचं पाणी तपासायला गेलं ते कधी? तो आला त्याच दिवशी, नळी घातली त्याच दिवशी. आज पंधरा दिवस झाले. पंधरा दिवस, रोज दोन ओहोट्या, आधी आपलं मग त्याचं, एकच पेला. दयारामनं बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली. आणि मग, धूळ बघता बघता, दुसरी गोष्ट अशी हळूच येऊन उशाशी बसली. धर्माजी. त्याची नळी तुंबली होती, सिस्टर जेवायला गेली होती, तो कण्हत होता. दयाराम आपली बाटली सावरत त्याच्यापाशी गेला होता. दोनदा. "उघडतो थोडी," म्हणाला होता, "बरं वाटंल." धर्माजीला बरं वाटलं होतं. त्यानं दयारामचा हात धरून ठेवला होता. त्या हाताचा उबदारपणा दयारामला आता आपल्या तळव्यावर लागला, आणि त्यानं तळवा चादरीला पुसला. भीती वाटली त्याला. कोवळ्या पोराला वाटते तशी. आपण मारला काय त्याला? कोण सांगणार? दाराजवळच्या खाटेवर आता कुणीच नव्हतं, गादीही गुंडाळून ठेवली होती.

त्या दिवशी तो जेवला नाही. झापड येत होती, जात होती, आणि झापडीत तो पुन्हा पुन्हा एकाच बांधावर जाऊन उभा राहत होता. लग्नाचं पहिलं वर्ष. अंगात रग, सोनूबाईला चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, आवडतात म्हणून हा रोज खाजणात. एका दुपारी बांधाच्या पोटात एक मोठं बीळ दिसलं. यानं हात घातला. चिंबोरी आत सरकली, यानं कोपरापर्यंत घातला, खांद्यापर्यंत घातला, माती उकरली, बीळ रुंद केलं, आणि ती मोठी, काळपट, टणक चिंबोरी ओढून काढली. आनंदानं ओरडला सुद्धा. नियम असा की बीळ उकरलं तर चिकणमाती थापून, पायानं तुडवून बुजवायचं. त्याच्या बापानं हे त्याला चालायला शिकवायच्या आधी शिकवलं असेल. पण चिंबोरी हातात तडफडत होती, घरी बायको वाट बघत होती, आणि बांधाची ती बाजू आपली नव्हती, शेजारच्या शेतवाल्या नामाची होती. उद्या बुजवू. उद्या अमावास्या. भर दुपारी उधाणाची भरती आली आणि त्या बिळातून बांधाला खांड पडली. हातभर, मग दोन हात, मग बैलगाडी जाईल एवढी. सगळं गाव चिखल घेऊन धावलं. दयारामही धावला, सगळ्यांत पुढे, छातीपर्यंत पाण्यात. लोक म्हणाले, पोरगा वाघ आहे. नामाचं शेत खारं झालं, चार वर्षं त्यात भात धरलं नाही. नामा बायकामुलांना घेऊन मुंबईला गोदीत ओझी उचलायला गेला आणि परत आला नाही. जाताना दयारामच्या पाठीवर थाप मारून गेला. दयाराम तेव्हा बोलला नाही. मग बोलायची वेळ गेली. मग वेळ गेल्यालाच इतकी वर्षं झाली की ती गोष्ट जणू दुसऱ्याच कुणाची होती. पण हात? हात त्याचाच होता.

बुधवारी सकाळी न्हावी येऊन येसाजीचं पोट भादरून गेला. येसाजी खुशीत होता. "पाटील, उद्यापासून आमी मोकळं. बाटली तुमाला आठवण म्हणून ठिऊन जातो." दयारामनं त्याच्या खाटेवर बसून, खालच्या आवाजात, सगळं सांगितलं. पेला, खारं पाणी, पंधरा दिवस, धर्माजी. येसाजी ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळत चाललं होतं. "माझं स्वच्छ आलंय," तो म्हणाला. "ते पयल्या दिवसाचं." "स्वच्छ आलंय म्हणतो ना!" "येसाजी, डाक्टरला सांगू. फिरून तपासतील." "आन लाँच? लाँच थांबल का माझ्यासाठी?" येसाजीनं त्याचं मनगट पकडलं. कापणारा हात, पण पकड गिरणीतली. "पाटील, तीन महिने मी ही नळी घिऊन नाय जगायचो. तुमाला ठाव न्हाय. राही माझ्यापेक्षा धा वर्सांनी लहान हाय. मी उद्या मेलो तर मेलो, तुमच्या नावानं खडे फोडणार न्हाय. पण बोलू नका. जीव माझा हाय." मग त्यानं इकडे-तिकडे बघून दयारामच्या उशाजवळची ती खाऱ्या पाण्याची बाटली उचलली, दयारामच्या पुढ्यात धरली. "तुमी आगरी मानसं, मिठाला जागणारी. ह्याच्यावर हात ठिवा. बोला, सांगणार न्हाय." मिठावर हात ठेवून खोटं बोलणारा त्यांच्या गावात अजून जन्माला यायचा होता. लग्नं ठरायची मिठावर, भांडणं मिटायची मिठावर. दयारामनं बाटलीकडे पाहिलं. तळाशी बारीक मीठ धरलं होतं, आणि वरचं पाणी जरासं तांबूस होतं. त्यानं हात ठेवला. "न्हाय सांगनार," तो म्हणाला. येसाजी रडायला लागला, आणि रडता रडता त्यानं दयारामच्या हाताला कपाळ लावलं.

दुपारी सोनूबाई आली. भाकरी, सुकटीची चटणी आणि नव्या खाऱ्या पाण्याची बाटली घेऊन. व्हरांड्यात दोघं बसली, मध्ये दयारामची नळी आणि बाटली, तिसऱ्या माणसासारखी. पलीकडे खाडी पार आटली होती, होड्या चिखलावर कलंडल्या होत्या, आणि उन्हानं सगळंच असं डुलत होतं की कुठं चिखल संपतो आणि कुठं आभाळ लागतं ते दिसत नव्हतं. सोनूबाई कमळचं सांगत होती, नातवाला दात आला त्याचं सांगत होती. दयाराम मध्येच म्हणाला, "नामाचा बांध मी फोडला व्हता." सोनूबाई थांबली. "चिंबोरीसाठी. बील उकरलं आन बुजवलं न्हाय." सोनूबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, त्याच्या हातात दिला. "मना ठाव हाय," ती म्हणाली. "काय?" "त्या दिशी घरी आलाव तवा हाताला खांद्यापातूर चिकल व्हता. दुसऱ्या दिशी खांड पडली. मी काय येडी हाव?" दयारामनं भाकरी खाली ठेवली. "मंग बोललीस का न्हाय?" "तुमी बोलाल म्हनून वाट बगली." ती खाडीकडे बघत होती. "पयले रोज बगायची. मंग कदी कदी. नामाची बायको वारल्याचा सांगावा आला, तवा पन बगली." तिच्या आवाजात राग नव्हता, हेच दयारामला सोसेना. रागावली असती तर तोही रागावला असता. "चालीस वरसं, सोनू?" "मंग! कोनाला सांगनार, नवरा माजा," ती म्हणाली, आणि उठून बाटलीतलं पाणी किती भरलं ते वाकून बघू लागली.

गुरुवारी लाँच वेळेवर आली. दयारामला ती दिसायच्या आधी कळली, कारण खाडी भरत होती आणि भरतीच्या पाण्यावर इंजिनाचा आवाज जवळून येतो. मुंबईचा डॉक्टर आला, उंच, घाईतला, धोतरावर लांब कोट घातलेला. हात धुतल्याचा वास खोलीभर झाला. येसाजीला हिरवट चादर पांघरून ढकलगाडीवर घेतलं. त्यानं जाता जाता मान वळवून दयारामकडे पाहिलं आणि एक डोळा मिचकावला. ढकलगाडीचं एक चाक करकरत होतं. करकर, करकर, दाराजवळच्या रिकाम्या खाटेपाशी गेली, आणि नेमकी तिथं जरा अडली, फरशी उंच होती. नलू सिस्टरनं जोर लावला. दयारामला दिसलं ते एवढंच, एक बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी ओल. अजून पाणी आलं नव्हतं. अजून मूठभर चिकणमाती पुरली असती. "थांबा!" तो ओरडला. आवाज इतका मोठा निघाला की त्याला स्वतःलाच दुसऱ्याचा वाटला. एका हातात बाटली, धोतर सुटलेलं, तो ढकलगाडीपाशी पोचला. "डाक्टर, त्याला कापू नका. मी त्याची नली उघडलीय. रोज. माजाच पेला, माजंच पानी." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "आन धर्माजीची पन."

मुंबईच्या डॉक्टरनं हळूहळू रबरी हातमोजे काढले. इथल्या डॉक्टरनं दयारामला खाटेवर बसवलं, सांध्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, खाऱ्या पाण्याची बाटली उघडून वास घेतला. रागवायला हवं होतं त्यानं. रागवला नाही. "धर्माजीचं आता कुणाला सांगता यायचं नाही, बाबा," तो म्हणाला. "कदाचित तुमच्यामुळे, कदाचित नाही. पण हे आज सांगितलंत ते बरं केलंत." बरं केलं! येसाजीला ढकलगाडीवरून परत खाटेवर घेत होते तेव्हा तो दयारामकडे बघून म्हणाला, "मीठ खाऊन उलटलात, पाटील." हळूच म्हणाला. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. त्याचं पाणी पुन्हा तपासायला घेतलं, ते लाँचबरोबरच मुंबईला गेलं. लाँच गेली तेव्हा खाडी नुकती उतरायला लागली होती. दयारामचा हात खाली गेला, आणि त्यानं तो मागे घेतला. मग दोन्ही बाटल्या, जुनी आणि नवी, घेऊन तो मोरीपाशी गेला आणि सगळं खारं पाणी ओतून दिलं. पितळी पेला त्यानं घासला, घासला, राखेनं घासला, आणि खिडकीत उपडा ठेवला.

दोघांनाही सुया सुरू झाल्या. सकाळ-संध्याकाळ नलू सिस्टर यायची, एकाची सुई इकडे, एकाची तिकडे. मध्ये दोन हात अंतर, आणि येसाजीची पाठ. सहा दिवस ती पाठ दयारामनं पाहिली. तिच्यावरचा देवीचा एक व्रण, गिरणीतल्या कधीच्या भाजल्याचा डाग, सगळं पाठ झालं. तो पाठीशी मनातल्या मनात बोलायचा. येसू, मी चालीस वरसं गप बसलो, मना गप बसन्याचं मोल ठाव हाय. येसू, राही हसायची न्हाय रे, बायका हसत न्हाय, त्या वाट बगतात. पाठ हलायची नाही. दुपारी झोप लागली की बांध यायचा, पण आता बांधावर नामा नसायचा, धर्माजी असायचा, पाण्यात पाय सोडून बसलेला, आणि दयारामला जागा करून द्यायला तो जरा सरकायचा. जागं झाल्यावर दयारामच्या डोळ्यांना पाणी असायचं.

पुढच्या बुधवारी डाक आली. या वेळी नलू सिस्टर दोन खाटांच्या मध्ये उभी राहिली. "येसाजीबाबा, तुमच्यातही निघालेत," ती म्हणाली. "तेच. दोघांचे एकच जंतू." दयारामनं डोळे मिटून घेतले. खरं ठरल्याचा आनंद त्याला काडीचाही झाला नाही. स्वच्छ आलं असतं तर येसाजीला निदान जन्मभर त्याच्यावर रागवायला मोकळं रान मिळालं असतं, आता तेही गेलं. येसाजी जेवला, पाणी प्यायला, पुन्हा कुशीवर झाला. ऊन खिडकीतून खाली उतरत उतरत उपड्या पेल्यावर आलं. साडेतीनच्या सुमाराला बाहेर काही हललं नाही, वारा नाही, आवाज नाही, पण खाडीच्या पोटात ते नेहमीचं झालं. पाणी क्षणभर थांबलं आणि मागे फिरलं. दयारामला ते कळलं, आणि गुंगीत त्याचा हात चादरीवरून घसरत, न विचारता, काचेच्या सांध्याकडे निघाला. बोटं सांध्यावर टेकली.

"पाटील."

पाठ नव्हती. येसाजी या कुशीवर वळला होता आणि उशीवर गाल ठेवून त्याच्याकडे बघत होता, केव्हापासून कोण जाणे. डोळे लाल होते.

"ओहोटी लागली काय?"

"लागली," दयाराम म्हणाला.

"लागू दे," येसाजी म्हणाला. "हात वर घ्या."

दयारामनं दोन्ही हात वर घेतले. कुठं ठेवावेत कळेना, तेव्हा मांडीखाली दाबून धरले, आणि खाडी तिची ती उतरू दिली.